बिननावाच्या झाडांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, एकटी राहणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा खुबा आणि दोन्ही गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकीलसाहेबांनी सांगितले. कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलूनही नाही. मला गोड बोलून काही करायला लावणे हे किती कठीण काम आहे, ते आगारातले जुने लोक सांगतील, जे कोणी उरले असतील ते.

डोक्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला कारण माझ्या भाच्याने, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाने, डॉक्टरांना परस्पर फोन करून सांगितले की आत्या हल्ली एकटीच काहीतरी अगम्य बडबडते. डॉक्टर घरी आले. वार विचारला, वजाबाकी घातली, मग खाकरून म्हणाले, "तुम्ही स्वतःशी बोलता असं ऐकलं." मी म्हटलं, "बोलते. घरात दुसरं कोण आहे?" त्यांनी मुकाट्याने दाखला लिहिला. भाच्याने तो नीट वाचावा आणि मग कोर्टाची पायरी चढायची की नाही ते ठरवावे.

वकीलसाहेबांनी मला बजावले आहे की मुद्द्याचे लिहा, पाल्हाळ लावू नका. पहिल्या मसुद्यातल्या अर्ध्याहून अधिक मजकुरावर त्यांनी लाल रेघ ओढली होती. मृत्यू माझा, पत्र माझे आणि फी मी देणार, म्हणून तो मजकूर मी परत घातला आहे.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्यामागे माझ्या थोरल्या भावाला मिळाव्यात, आणि त्याच्यामागे भाच्याला. अट काही नाही. लिफ्ट बंद पडली त्याला आता बराच काळ लोटला. तोवर ती सुरू झाली असेल तर उत्तमच. नसेल तर भाच्याने तिन्ही जिने चढून ताबा घ्यावा, दर मजल्याला त्याला माझी आठवण येईल. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. तिच्यातून काही दिसत नाही, त्यामुळे तिला पडदा नाही. उगाच पडद्याचा खर्च करू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक. जी असेल ती आगाराच्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याला द्यावी. त्यातला काही भाग तळमजल्यावरच्या शिवणबाईंना द्यावा अशी माझी फार इच्छा होती. मी पडल्यापासून त्याच रोज वर येतात, पाव आणि दूध ठेवतात, पाच मिनिटे बसतात आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या कंबरांबद्दल जे सांगू नये ते सगळे सांगतात. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असा नियम आहे म्हणे. आणि दोन साक्षीदार लागतात. डॉक्टर हे एक झाले. दुसरा कोण, म्हणून मी वकीलसाहेबांसमोर बसून विचार करू लागले. ते घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी मला शिवणबाईंखेरीज एकही नाव सुचले नाही. म्हणून शिवणबाईंना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. माझा टेबलावरचा दिवा त्यांच्या शिलाई यंत्राशेजारी दिसेल. तो मी जिवंतपणीच दिलेला आहे. वकीलसाहेबांनी त्यात नाक खुपसू नये.

कलम ३. कामाची हत्यारे. एक भिंग, पत्र्याचे बिल्ले अडकवायची पक्कड, आणि माझे उंच स्टूल, जे मी निवृत्त होताना हक्काने उचलून आणले. हे सगळे हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत सध्या जो कोणी बसत असेल त्याला परत द्यावे.

त्याच्यासाठी दोन शब्द. बाबा रे, "छत्री एक, काळी" असे लिहू नकोस. सगळ्या जगाच्या छत्र्या काळ्या असतात. मी लिहायची: छत्री काळी, एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली, मुठीवर दातांच्या खुणा, मालकाला विचार करताना मूठ चावायची सवय असावी. एवढे लिहिले की मालक आला की खिडकीबाहेरूनच ओळखू यायचा. वस्तू अशी सांगायची की न पाहिलेल्या माणसाच्याही हातात ती आली पाहिजे. ही विद्या मला आगाराने शिकवली नाही. ती मी घेऊनच तिथे गेले होते. कुठून, ते पुढच्या कलमात येते.

कलम ४. मुख्य मिळकत. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, याला मिळकत म्हणता येत नाही." मी म्हटले, "मग काय म्हणू?" ते म्हणाले, "काहीच म्हणू नका." तरी लिहिते.

मी आठ वर्षांची आणि दादा अकराचा असताना त्याला मणक्याचे दुखणे झाले. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातले आणि त्याला मागच्या खोलीत उताणे निजवले. त्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीपलीकडे गोदामाची भिंत. आई-बाबा कामावर. मी शाळेतून आले की त्याच्यापाशी बसायचे. तो आधी माझ्यावर खेकसायचा. पाणी आणले तरी खेकसायचा, नाही आणले तरी. एक दिवस काही सुचेना म्हणून मी शाळेच्या रस्त्यावरचे एक झाड सांगू लागले. त्याचे नाव सांगणार इतक्यात तो ओरडला, "नाव नको! नाव सांगितलंस की तू सांगायचं बंद करतेस."

मग मी नुसते सांगितले. फांद्या कुठून फुटतात, साल कशी सुटते, खाली उभे राहिले की काय वास येतो, कोण त्याच्याखाली थांबते. तो डोळे मिटून ऐकत होता. सांगून संपल्यावर तो म्हणाला, "मोरिते."

"म्हणजे?"

"म्हणजे ते झाड. भिंतीपलीकडच्या देशात त्याला मोरिते म्हणतात."

असा तो देश सुरू झाला. गोदामाच्या भिंतीच्या पलीकडे लगेच. तिथली भाषा दादाने केली आणि मी पाठ केली. प्लास्टरमुळे त्याला छातीभर श्वास घेता येत नसे, म्हणून ज्या अक्षरांना श्वास लागतो ती सगळी त्याने त्या देशातून हाकलून दिली. ह नाही, ख नाही, भ नाही. झ गेल्यामुळे झाड हा शब्दही गेला. झाडाला तिथे 'ऊम' म्हणतात. क्रियापदे थोडीच, झाडांना लागतात तेवढी: उभे राहणे, वाढणे, वाट पाहणे, पडणे. उरलेली भाषा म्हणजे झाडांची नावे.

नियम एकच होता आणि तो दादाचा होता. ज्याने झाड पाहिले त्याने सांगायचे, ज्याने पाहिले नाही त्याने नाव ठेवायचे. पाहणाऱ्याला नाव ठेवायचा अधिकार नाही. मी एकदा हट्ट केला होता, की हे माझं झाड आहे, मी ठेवणार नाव. तो म्हणाला, "तुला ते दिसतंय ना? मग आणखी काय पाहिजे तुला?"

लिहून काहीच ठेवले नाही. उताणे पडून त्याला लिहिता येत नसे, आणि त्याला येत नसताना मी लिहिणे बरे दिसले नसते. त्यामुळे ही भाषा आजपर्यंत कागदावर आलेली नाही. ती माझ्या डोक्यात आहे, आणि दादाच्या डोक्यात जेवढी उरली असेल तेवढी.

आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगते, कारण तशी चूक दुसऱ्या कोणाकडून होणे शक्य नाही. पोस्टाच्या कोपऱ्यावर एक मोठे झाड होते. मी ते सांगितले तेव्हा ते पूर्ण उघडे पडले होते, नुसती हाडे. दादाने नाव ठेवले सिनोर. मग पावसाळ्यात आमचा रस्ता खणला आणि मी दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. त्या वाटेने पोस्टाची मागची बाजू यायची. तिथे एक गच्च हिरवे झाड दिसले. मी ते अगदी रंगात येऊन सांगितले, आणि दादाने नाव ठेवले लाउमे. रस्ता बुजवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की झाड एकच! मी रडत घरी आले. मला वाटले, तो आता खेकसणार. तो मात्र इतका हसला की प्लास्टरमध्ये त्याची बरगडी दुखली. म्हणाला, "बबडे, काही पुसायचं नाही. तिथल्या लोकांना ती दोन झाडंच वाटतात. एक गावाला गेलं की दुसरं त्याच्या जागेवर येऊन राहतं. दोघांची कधी भेट होत नाही, म्हणून लोक त्यांचे निरोप सांभाळून ठेवतात." त्या दिवसाएवढी मी पुन्हा कधी खूश झाले नाही. माझ्या सगळ्या आयुष्याचा हिशेब करून सांगते.

कलम ५. दादा बरा झाला त्याबद्दल. प्लास्टर काढले. तो आधी धरून आणि मग काठीने चालू लागला. मला कधी एकदा त्याला सगळे दाखवते असे झाले होते. पहिल्यांदा मी त्याला पोस्टाच्या कोपऱ्यावर नेले. लाउमे तेव्हा जागेवर होते. त्याने वर पाहिले, सगळीकडून पाहिले, आणि म्हणाला, "एवढंच?" मग पलीकडे मुले चेंडू खेळत होती तिकडे तो काठी टेकत निघून गेला.

त्याच्यावर माझा राग नाही, असे मी लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. राग आहे. पोरगा दीड वर्ष छत बघत पडला होता, त्याने चेंडूकडे जावे नाहीतर काय करावे, हे मला तेव्हाही कळत होते आणि आताही कळते. राग त्यानंतरचा आहे. त्या दिवसानंतर त्याने एकदाही विचारले नाही की आज काय पाहिलेस.

कलम ६. किरकोळ हिशेब. (अ) आगारात एक वेळपाल होते, बस सुटायच्या वेळा नोंदवणारे. स्वच्छ माणूस, बोलणे मऊ. माझ्या खिडकीपाशी चहा घेऊन यायचे. बरेच दिवस आल्यावर मी हिंमत करून त्यांना एक झाड सांगितले, आगाराच्या फाटकाबाहेरचे. मन लावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आनंदाने म्हणाले, "अहो, म्हणजे ते अमुक!" आणि त्या झाडाचे सगळ्या जगाला ठाऊक असलेले नाव सांगितले. बिचाऱ्यांना वाटले, मी कोडे घातले आहे. त्यानंतर चहाला चव राहिली नाही. वेळपालांचे पुढे दुसरीकडे चांगले झाले. त्यांना मी माफ केले आहे, त्यांना ते कळवायची गरज नाही.

(आ) दादाने मोठेपणी इमारती बांधायचा धंदा काढला. एकदा बसवर मला जाहिरात दिसली: लाउमे रेसिडेन्सी. मी त्याच बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि ती इमारत बघून आले. चौकीदाराने विचारले, "कोणाकडे जायचंय?" मी काय सांगणार, कपाळ! घरी येऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, "छान वाटतं ना? लोक विचारतात, इटालियन आहे का. आपलंच काहीतरी लहानपणचं ना ते?" मी म्हटले, "हो. आपलंच." त्या इमारतीच्या आवारात एक झुडूपही नाही. हा हिशेब अजून फिटलेला नाही.

(इ) निवृत्तीनंतर एकदा मी अगदी राहवेना म्हणून त्याला फोनवर एक झाड सांगायला घेतले. तिसऱ्या वाक्याला तो म्हणाला, "अगं, एवढं कशाला, फोटो पाठव ना." मी म्हटले, बरं. पाठवला नाही.

कलम ७. बिननावाची झाडे. या काळात मी झाडे पाहायची थांबले नव्हते. सवय होती. आगारातून घरी येताना एखादे झाड दिसले की मी बसमध्ये बसून त्याचे सांगणे जुळवायची, आधी काय, मग काय, दादा कुठे हसेल. उतरून जिना चढेपर्यंत ते तयार व्हायचे. मग कुलूप उघडताना लक्षात यायचे की सांगायचे कोणाला. हे रोजचे. मला फार एकटे वाटायचे. लोकांना वाटते, एकटी बाई आहे, सवय झाली असेल. एकटेपणाची काडीची सवय होत नाही, फक्त कुलूप पटकन उघडायची सवय होते.

मीच नावे का ठेवली नाहीत, असे वाचणाऱ्याला वाटेल. मला कोण अडवणार होते? कोणीच नाही. पण मी ती पाहिली होती. दोघांतल्या एकाने खेळ सोडला म्हणून दुसऱ्याने नियमही सोडला, तर मग माझ्याकडे राहिले काय?

अशी झाडे पुष्कळ साठली. सांगणे तयार, नाव नाही. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्यामागे ती सगळी दादाला द्यावीत. वकीलसाहेबांनी ती एकेक वाचून दाखवावीत आणि दादाने प्रत्येकाला नाव ठेवावे, त्याशिवाय त्याला घराचा ताबा मिळू नये. मला एवढेच हवे होते, की ही भाषा माझ्या तोंडात मरू नये. निदान एकदा, माझ्यामागे का होईना, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून तिच्यात नवा शब्द निघावा.

हे कलम मी आता रद्द करते. का, ते खाली.

कलम ८. गेल्या मंगळवारी काय झाले. मृत्युपत्राची अंमलबजावणी दादाने करावी असे ठरले, म्हणून मी त्याला बोलावले. तो आला. काठी घेऊन तीन जिने. दारात येऊन उभा राहिला तेव्हा दम लागल्याने त्याला बोलता येईना. त्याच्या डोळ्यांत आता फार काही उरलेले नाही, कागद त्याला वाचून दाखवावा लागतो. मी त्याला खुर्चीत बसवले, पाणी दिले आणि मसुदा वाचून दाखवला. बिननावाच्या झाडांपर्यंत आले तेव्हा माझा आवाज जरा चढला होता, हे मान्य.

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "बबडे, तुला हे सगळं आठवतं?"

"तुला नाही?"

"दोन-चार नावं. मोरिते. ते एक, आत शिरून रुसून बसायचं झाड, त्याचं काय गं?"

"ओरुमे."

"ओरुमे," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "मला नाही जमणार. खरंच सांगतो. मला आता काही सुचत नाही. इमारतींना नावं द्यायलासुद्धा आता माणूस ठेवलाय मुलाने."

माझा तोल गेला. मी म्हटले, "मग कशाला चढलास तीन जिने? अट काढते, घर तसंही मिळेल. ऊठ आणि जा."

तो उठला नाही. लगेच उठणे त्याला जमतही नाही. काठीची मूठ चोळत बसला. माझ्या मनात आले, आता हा झोपणार. तर तो म्हणाला, "खाली एक झाड आहे."

"कुठे?"

"सांगतो ना. मध्ये बोलू नकोस. पुढे खणून ठेवलंय म्हणून गाडी मागच्या गल्लीत लावली. तिथे आहे. मला नीट दिसलं नाही, म्हणून मी हात लावला. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, काय करताय? मी म्हटलं, थांब रे जरा." मग त्याने सांगायला सुरुवात केली. काय सांगावे, कसे सांगावे, त्याला काडीचे कळत नाही. खोड म्हणे दोन कॉलमांएवढे. साल खरवडलेल्या गिलाव्यासारखी. फांद्या एका बाजूला जास्त गेल्यात, दुसऱ्या बाजूला आधार द्यायला हवा होता. मधेच म्हणाला, त्याच्याखाली गार वाटलं, पण वारा नव्हता. मग थांबला, आणि हात हवेत धरून म्हणाला, "इथे, खांद्याच्या उंचीला, साल एकदम गुळगुळीत आहे. हाताला लागते तेवढ्या जागेत. कोणीतरी वर्षानुवर्षं टेकून उभं राहत असणार तिथे."

मागच्या गल्लीतून बस थांब्यावर जायचा जवळचा रस्ता आहे. दादाला ते माहीत नाही. इतक्या वर्षांत तो गाडीने पुढूनच आला आणि पुढूनच गेला. मी त्या गल्लीतून रोज आले-गेले. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या झाडाला टेकून मी दम घ्यायची आणि मग जिने चढायची. ती जागा माझ्या खांद्याने झाली आहे. बिननावाच्या झाडांत ते झाड माझे सर्वांत पहिले.

त्याने मान वर केली आणि मी बसले होते त्या बाजूला अंदाजाने बघत विचारले, "तू पाहिलंयस का ते? पाहिलं असशील तर उपयोग नाही."

नियम त्याला आठवत होता! नावे गेली, देश गेला, आणि एवढे राहिले होते. माझे डोळे भरून आले. त्याला दिसत नाही ते बरेच झाले.

"नाही," मी म्हटले. "त्या बाजूला मी कधी गेलेच नाही."

"मग ठेव नाव."

सगळा जन्म मला वाटत आले की नाव ठेवणे हे सोपे, सांगणे कठीण. तसे नाही. मला ते झाड दिसत होते आणि ते न दिसल्यासारखे करायचे होते. मी डोळे मिटले आणि फक्त त्याने जे सांगितले तेच धरून ठेवले, दोन कॉलम, गिलावा, हवेत धरलेला त्याचा हात. त्याने मला घाई केली नाही.

"रुवेमो," मी म्हटले.

"रुवेमो." त्याने ते तोंडात घोळवून पाहिले. "बरं आहे."

"बरं आहे?"

"चांगलं आहे गं बाई. लगेच भांडू नकोस."

तो निघाला तेव्हा मी भिंत धरून दारापर्यंत गेले. तो एकेक पायरी उतरत होता आणि विसरू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणत होता, रुवेमो, रुवेमो. तळमजल्यावर शिवणबाईंनी विचारलेलेही मला ऐकू आले, "काय हवंय, आजोबा?" काल त्याचा फोन आला. आणखी एक झाड हेरून ठेवले आहे म्हणे, रविवारी येतो. घाईघाईत ठेवूनही दिला, मी हो म्हणायच्या आत.

कलम ९. रद्द केलेले आणि कायम ठेवलेले. बिननावाची झाडे आता कोणाला द्यायची नाहीत. दादाला ती झेपणार नाहीत आणि मला ती पुन्हा पाहता येणार नाहीत. ती माझ्याबरोबर जातील. याचे मला वाईट वाटते, फार वाटते, ते लपवत नाही. दादा माझ्याहून थोरला आहे. त्यामुळे ही भाषा पुढे किती चालेल याबद्दल माझा कसलाही गैरसमज नाही. घर विनाअट त्याचे आहे, कलम १ प्रमाणे. लाउमे रेसिडेन्सीचा हिशेब मात्र कायम आहे. भाच्याने आवारात एक ऊम लावावे, कोणतेही. नाव मी जिवंत असले तर माझ्याकडून घेऊन जावे. येताना फोटो आणू नये, सांगायची तयारी करून यावे.

माझ्यामागे कसलेही विधी नकोत. भाषणे नकोत. आगारात पाटी लावायची झाली तर "सेवानिवृत्त" एवढे पुरे, "सर्वांच्या लाडक्या" वगैरे लिहू नये. मी नव्हते.

कलम १०. वाचून दाखवण्याबाबत. हे मृत्युपत्र माझ्यामागे दादाला दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावे लागेल, कारण त्याला दिसत नाही. ते काम वकीलसाहेबांनी स्वतः करावे. कलम ५ वाचावे. कलम ६ जरूर वाचावे, सावकाश. कलम ८ मध्ये "मागच्या गल्लीतून बस थांब्यावर" इथपासून "सर्वांत पहिले" इथपर्यंतचा मजकूर, "त्याला दिसत नाही ते बरेच झाले" हे वाक्य, त्यानंतर मी त्याला काय उत्तर दिले त्याबद्दलचे कोणतेही स्पष्टीकरण, "मला ते झाड दिसत होते" हे वाक्य, आणि हे संपूर्ण कलम १० दादाला वाचून दाखवू नये. दादापुरते मी ते झाड पाहिलेले नाही. या कागदावर जे लिहिले आहे ते सगळे खरे आहे, आणि जे खोटे आहे ते मी तोंडी बोलले आहे. ते बोलण्याचा मला पश्चात्ताप नाही आणि शुद्धीवर असेपर्यंत मी ते बदलणार नाही.

येणेप्रमाणे लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले, आणि त्यांच्यासमोर सही केली.

लिहून देणार: (सही)
हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतील निवृत्त कारकून

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: अकरा, वार गुरुवार

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: (सही) तळमजल्यावरची शिवणकाम करणारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला लिहायची फार सवय नाही, पण एक लिहायचं आहे. मागच्या गल्लीतल्या त्या झाडाला टेकून उभ्या राहिलेल्या बाईंना मी माझ्या खिडकीतून कितीतरी वर्षं पाहत आले. त्यांच्या भावांनी कधी विचारलं, तर मी शपथेवर सांगेन की त्या तिकडे कधी गेल्याच नाहीत.